आठवी-नववीच्या मुलांसाठी ‘बॉडी फॅट’ मशीन: घरचा काटा, जिमचं मशीन की झोपवून तपासणी?

शरीरात चरबी किती टक्के आहे, हा आकडा मुंबईत साधारण तीन प्रकारच्या मशीनवर मिळतो. पहिला प्रकार म्हणजे मोबाइलला जोडायचा काचेचा वजनकाटा, दीड-दोन हजारांत घरपोच येणारा. दुसरं म्हणजे जिममध्ये किंवा डाएटिशियनकडे असलेलं उभं मशीन. अनवाणी उभं राहायचं आणि दोन्ही हातांत दांडे धरायचे. तिसऱ्यात टेबलावर झोपवून हाताला दोन आणि पायाला दोन चिकट इलेक्ट्रोड (प्रवाह सोडणाऱ्या-टिपणाऱ्या पट्ट्या) लावतात; हे फार थोड्या ठिकाणी दिसतं. तिन्ही बनवलेली असतात मुख्यतः मोठ्यांसाठी, पण उन्हाळी कॅम्प सुरू झाले की त्यांच्यावर रांग लागते ती शाळकरी मुलांची. हा आढावा त्या मुलांपुरताच.

यातलं एकही मशीन चरबी मोजत नाही. शरीरातून एक मिलिअँपिअरपेक्षा कमी, बहुतेकदा ५० किलोहर्ट्झचा विजेचा प्रवाह सोडायचा आणि त्याला किती अडथळा झाला ते ओहममध्ये टिपायचं, एवढंच त्याचं काम. मुलाला काही जाणवत नाही. पाणी आणि क्षार भरपूर असलेल्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. पुढचं सगळं सूत्रावर चालतं आणि गडबड होते ती तिथेच.

एक छापील सूत्र घेऊन बघू. १० ते १९ वयासाठी संशोधक हूटकूपर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दिलेलं: चरबीविरहित वजन = ०.६१ × (उंचीचा वर्ग ÷ रेझिस्टन्स) + ०.२५ × वजन + १.३१. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत; रेझिस्टन्स म्हणजे तोच ओहममधला अडथळा. समजा मुलगा १६० सेंमी, ५० किलो आणि रेझिस्टन्स ५५० ओहम. चरबीविरहित वजन येतं ४२.२ किलो, म्हणजे चरबी ७.८ किलो, १५.६ टक्के. आता काउंटरवर उंची विचारली आणि आईने गेल्या वर्षीची १५६ सांगितली, तर त्याच मुलाची चरबी होते १८.४ टक्के. चार सेंटिमीटरच्या चुकीने जवळपास दीड किलो चरबी अंगावर चढली! वाढीच्या ऐन भरात मुलं वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंच होतात, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीची उंचीसुद्धा शिळी. ज्या जागी भिंतीवरच्या पट्टीवर उंची मोजून घेत नाहीत, तिथे पैसे देऊ नयेत.

दुसरी मेख पाण्याची. मोठ्या माणसाच्या चरबीविरहित वजनात सुमारे ७३ टक्के पाणी धरतात. मुलांत हे प्रमाण जास्त असतं आणि वयात येता येता हळूहळू खाली येतं. वरच्या मुलात ७५ टक्के पाणी असेल आणि सॉफ्टवेअरने मोठ्यांचे ७३ धरले, तर त्या एका फरकाने किलोभर चरबी रिपोर्टमधून गायब होते. मोठ्यांच्या सूत्रावर मुलगा फिट दिसला, हे शिफारसपत्र नव्हे.

घरच्या काट्यावर प्रवाह एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून उतरतो. धड आणि हात त्याच्या वाटेवर नीट येतच नाहीत. त्यांचा अंदाज पायांवरून बांधला जातो. बहुतेक ॲप ओहम दाखवत नाहीत, काही अठराखालच्या वयाला फक्त वजन दाखवून गप्प बसतात. ते गप्प बसणारे खरं तर प्रामाणिक. त्याला वळसा घालायला पालक वय १८ टाकतात, आणि मग आलेला आकडा कुणाचाच नसतो. ‘ॲथलीट मोड’ही मुलांसाठी बंदच ठेवावा, त्यात सूत्र बदलतं आणि चरबी एकदम खाली दिसते, शरीर तेच असतं. काटा सपाट लादीवर ठेवायचा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नाही. अनवाणी कबड्डी-खो-खो खेळणाऱ्यांचे तळवे घट्टे पडून कोरडे झालेले असतात, त्यांना काटा ‘एरर’ देतो किंवा ओहम फुगवतो. ओल्या फडक्याने तळवे पुसून, मग कोरडे करून उभं करा. वजन पाहायला हा काटा उत्तम. टक्केवारीसाठी मुलांना यावर उभं करू नये.

उभं मशीन पुष्कळ बरं. आठ इलेक्ट्रोड असतात, हात-पाय-धड वेगळं मोजतं, आणि चांगल्या मशीनमध्ये ५ पासून १००० किलोहर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी असतात. कमी फ्रीक्वेन्सीचा प्रवाह पेशींच्या बाहेरच्या पाण्यातून वाट काढतो, जास्तीचा पेशीच्या पडद्यातून आत शिरतो. त्यामुळे आतलं-बाहेरचं पाणी वेगळं काढता येतं. तरी धडाचा आकडा जपून वाचावा. धडात शरीराचं जवळजवळ अर्धं वजन असतं, पण एकूण अडथळ्यात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच, कारण जाड आणि आखूड वाहिनी अडवते कमी. पोटावरची चरबी कमी झाली का, हे इथे पाहण्यापेक्षा कंबरेला टेप लावावी.

या मशीनवर बिघडतं ते उभं राहण्यात. हात अंगापासून सुटे हवेत, बगल चिकटलेली नको. मांड्या एकमेकींना लागत असतील तर मध्ये कोरडा सुती रुमाल धरायचा. नाहीतर प्रवाह मधूनच पलीकडे जातो आणि ओहम कमी भरतो. टाच मागच्या प्लेटवर, चवडा पुढच्या. आठवीतल्या मुलाचं पाऊल लहान असेल तर टाच हमखास अर्धी बाहेर राहते, हे ऑपरेटरने खाली वाकून पाहायला हवं. सहसा पाहत नाहीत. दोन मुलांच्या मध्ये प्लेट स्पिरिटने पुसली जाते का, तेही बघा.

झोपवून केलेली तपासणी वेळखाऊ, पण मुलांसाठी आमची पहिली पसंती तीच. दहा मिनिटं उताणं झोपवायचं, म्हणजे पायांत उतरलेलं पाणी सारखं पसरतं. मग मनगटावर आणि घोट्यावर एकेक, आणि बोटांच्या मुळांशी हातावर-पायावर एकेक इलेक्ट्रोड. दोघांत किमान पाच सेंटिमीटर अंतर. इलेक्ट्रोड एक सेंटिमीटर सरकला तरी रेझिस्टन्स सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. वरच्या हिशोबात तेवढ्याने १५.६ चे १४.४ होतात. म्हणून दर वेळी उजवीच बाजू आणि शक्यतो तोच तंत्रज्ञ. घामट त्वचेवर पट्टी सुटते. स्पिरिटने पुसून सुकू द्यावं. मुख्य फायदा असा की हे यंत्र सहसा ओहम थेट दाखवतं, सूत्र आपल्याला निवडता येतं.

तयारीच्या सूचना कागदावर असतात, पण मुंबईत त्या पाळणं अवघड. सकाळी उपाशीपोटी, शू करून, हलक्या कपड्यांत. आदल्या दिवशी संध्याकाळी जड सराव नको. प्रत्यक्षात मुलं शिवाजी पार्कच्या नेट्सवरून किंवा पोहून तशीच येतात. व्यायामाने तापलेल्या, घामेजल्या त्वचेतून प्रवाह सोपा जातो, ओहम उतरतो, चरबी खोटी कमी दिसते. मुलं खूश, कोच खूश. उलट, एसीत गारठून बसलेल्या मुलाची चरबी वाढलेली दिसते. आणि वाटेत कुणी लिटरभर पाणी प्यायलं, तर? पोटातलं पाणी वजनात येतं, पण ओहमवर लगेच उमटत नाही. आपल्या सूत्रात त्या लिटरमधले पाऊण किलो चक्क चरबीच्या खात्यात जमा होतात. दप्तर बाहेर ठेवायला सगळे सांगतात, पाण्याचं कुणी सांगत नाही. मुलींच्या बाबतीत पाळीच्या आसपास पाणी साठतं, तेव्हा दर वेळी चक्राच्या त्याच टप्प्यावर मोजावं. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं विद्युत उपकरण असेल तर ही तपासणी करूच नये. हाडात प्लेट असेल तर त्या बाजूचा आकडा भरवशाचा नाही.

इतकं असूनही बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यावर, थांबता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २००४ चा फोटो प्रसिद्ध आहे: दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्त अर्थात पुणेकराची. म्हणूनच परदेशी मुलांवर बेतलेल्या सूत्राचा आकडा आपल्या मुलांना जसाच्या तसा लावू नये. पुण्यातल्या संशोधकांनी प्रवाहाच्या याच पद्धतीने मोजून भारतीय मुलामुलींचे पर्सेंटाइल तक्ते (आपलं मूल त्याच वयाच्या मुलांत कुठे बसतं ते दाखवणारे) २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेत; डाएटिशियन कोणता तक्ता वापरतात ते विचारा. मोठ्यांचा ‘नॉर्मल’ पट्टा दाखवत असतील तर रिपोर्ट घडी घालून ठेवा. तारुण्यात येताना मुलग्यांची टक्केवारी घसरते, मुलींची वाढते, दोन्ही ठीकच. ‘मेटाबॉलिक एज’ (शरीराचं ‘वय’) नावाचा रकाना तेरा वर्षांच्या पोरासाठी विनोद म्हणून वाचावा.

किती विश्वास ठेवायचा? हूटकूपरच्या सूत्राची स्वतःची चूक २.१ किलोची. म्हणजे आपल्या मुलाचे १५.६ हे साधारण साडेअकरा ते वीस यांच्यामधलं काहीही असू शकतं, आणि तीनातल्या एका मुलाचं त्याच्याही बाहेर. एका टक्क्याच्या फरकावरून कुणाचा भात बंद करू नये. दर आठवड्याला मोजण्यातही अर्थ नाही. तीन महिन्यांच्या अंतराने, त्याच मशीनवर, त्याच वेळी मोजा आणि उंची दर वेळी नव्याने घ्या.

बुकिंग करताना फोनवर एकच विचारा: रिपोर्टवर ओहम छापून मिळतात का? अनेक उभ्या मशीनमध्ये ते पान असतं, फक्त सेटिंगमध्ये बंद ठेवलेलं असतं. पॅकेजमध्ये दर महिन्याची टेस्ट ‘फ्री’ असेल तर ती नाकारता येते. आणि रिपोर्ट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकता पालकांच्या हातात द्यायला सांगावं.