भोक पार्टमध्ये काढायचं की असेंब्लीत?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या टूलरूममध्ये नव्याने डिझाइनला बसलेल्यांना हा प्रश्न पहिल्या फिक्स्चरलाच (जॉब पकडून ठेवणारं साधन) पडतो. बेसप्लेटवरचं भोक पार्ट फाइलमध्ये काढायचं, की असेंब्लीत, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या फाइलमध्ये, एकमेकांवर बसणाऱ्या दोन्ही पार्टमधून एकदाच कट मारायचा? स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, आणि घोळ तिथेच होतो.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टमध्ये काढलेलं भोक तो पार्ट जिथे जिथे वापराल तिथे तिथे जातं. एकच लोकेटर (जॉबची जागा पक्की करणारा पार्ट) चार ठिकाणी बसवला असेल, तर चारही लोकेटरना. असेंब्लीतला कट मात्र त्या असेंब्लीपुरताच राहतो. पार्ट वेगळा उघडला की प्लेट कोरी. इन्व्हेंटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच. सॉलिडवर्क्समध्ये ‘प्रोपगेट फीचर टू पार्ट्स’ला टिक केली, तरच असेंब्लीतला कट पार्टमध्ये उतरतो.

मी नवा होतो तेव्हा बेसप्लेटची सहा भोकं असेंब्लीत काढली होती. ड्रॉइंग पार्टचं बनलं, लेझर कटिंगला गेलं आणि प्लेट भोकांशिवाय आली. चूक माझी होती, पण मार्किंग करून ड्रिल मारत बसावं लागलं ते फिटरकाकांना. तेव्हापासून मी आधी एकच विचारतो: शॉपमध्ये हे ड्रिल कधी पडणार?

सुट्या प्लेटवर व्हीएमसी मशीनमध्ये (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) पडणार असेल तर पार्टमध्येच काढा. एम8 बोल्टचं 9 मिमीचं भोक, एम8 टॅपसाठी 6.8चं ड्रिल, सगळं तिथेच. व्हेंडरच्या हातात पार्टचंच ड्रॉइंग असतं.

डॉवेलचं, म्हणजे दोन पार्टची जागा पक्की करणाऱ्या पिनच्या भोकाचं, तसं नाही. लोकेटर बसवायचा, डायल लावून सेट करायचा, बोल्ट आवळायचे आणि मग दोन्हीतून एकत्र 7.8चं ड्रिल घालून 8 एच7 रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) फिरवायचा. 8 व्यासाला एच7 म्हणजे शून्य ते अधिक 15 मायक्रॉन, एवढीच जागा. दोन सुट्या पार्टमध्ये वेगवेगळी केलेली भोकं सेटिंगनंतर इतकी जुळतील, हा भरवसा मी धरत नाही. म्हणून अशी भोकं असेंब्ली फीचर म्हणूनच हवीत, आणि असेंब्लीच्या ड्रॉइंगवर ‘बसवून ड्रिल व रीम’ ही टीपही हवी. सुटे पार्ट जोडून वेल्ड केलेल्या फ्रेमलाही हेच लागू. वेल्डिंगने फ्रेम ओढली जाते, त्यामुळे बोअर नंतरच करायचे.

असेंब्ली कट मारताना फीचर स्कोप, म्हणजे कट कुठल्या पार्टना लागू होणार ते, जरूर बघा. ‘ऑल कंपोनंट्स’ ठेवलं आणि महिन्याभराने त्या वाटेत नवी प्लेट टाकली, तर रिबिल्डला तिलाही भोक पडतं. नेमके पार्ट निवडून द्या.

तिसरी वाटही आहे: असेंब्लीत राहून पार्ट एडिट करायचा आणि शेजारच्या पार्टच्या कडेवरून स्केच घ्यायचं. भोक पार्टमध्ये येतं, ड्रॉइंगवरही दिसतं. पण त्या पार्टला बाहेरच्या फाइलचा आधार चिकटतो. शेजारचा पार्ट हलला की भोकही हलतं. एकाच मॉडेलचं काम असेल तर ठीक. पार्ट पुढे दुसऱ्या फिक्स्चरला वापरायचा असेल, तर रेफरन्स तोडून मापं स्वतः टाका.

अजूनही ठरत नसेल तर पार्टमध्ये काढा. फाइल पाठवण्याआधी पार्टचं ड्रॉइंग एकटं उघडून भोकं मोजा.