लिस्बन की पोर्तो? दोन्हीकडे राहून झालं, आता सांगतो

"पोर्तुगालला जॉब लागलाय, ऑफिस दोन्ही शहरांत आहे, कुठे राहू?" हे मला वर्षभरात तीन-चार जणांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लिस्बनला मी चौदा महिने काढले, पोर्तोत आता तिसरं वर्ष चालू आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे कळलंच असेल, पण लिस्बनवर अन्याय नको म्हणून आधी त्याचंच सांगतो. व्हिसा, टॅक्स वगैरे तुमचं वाचून झालं असेल, ते सोडून देतो.

मी मूळचा वसईचा. 1534 पासून चिमाजी अप्पांनी 1739 ला किल्ला घेईपर्यंत आमचं गाव पोर्तुगीजांकडेच होतं, त्यामुळे लिस्बनला पोचल्यावर पहिला रविवार तिथल्या बेलें भागात जाणं ओघानेच आलं. तिथल्या जेरोनिमोस मठात शिरलं की दाराजवळच वास्को द गामाची कबर, वर दगडात कोरलेला तो हात जोडून निजलेला. मेला कोचीला 1524 मध्ये, आणि पडलाय इथे. लिस्बन असं सारखं आपल्या शाळेच्या इतिहासाला धडकत राहतं. 1661 च्या लग्नाच्या तहात मुंबई हुंड्यात देऊन टाकणारं राजघराणं इथलं. कार्मो चौकातल्या बराकीत 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानाने हात टेकले, आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने अखेर मान्य केलं तेही त्याच वर्षी, म्हणजे गोवा हातचा जाऊन तेरा वर्षं झाल्यावर! देश जेमतेम कोटभर लोकांचा, पण युनोचे सरचिटणीस झालेले गुटेरेस याच शहरात जन्मलेले, आणि युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष झालेले अँटोनिओ कोस्टाही, त्यांचं तर वडिलांकडून मूळ गोव्याचं आणि घरातलं नाव चक्क बाबुश. लहान देश, पण जगाच्या पंगतीत पाट बरोबर मांडून घेतो.

सोयीचं म्हणाल तर आपला दूतावास लिस्बनला, मार्तिम मोनिझ चौकात कढीपत्त्यापासून सगळं मिळतं, दीवहून मोझांबिकमार्गे इथे आलेले गुजराती लोक आहेत, त्यांचं देऊळ आहे. आणि ऊन! जानेवारीतसुद्धा गॅलरीत कपडे वाळतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग सोडलं का? हसाल, पण बॅगांमुळे. मी अल्फामा या जुन्या भागात राहायचो. 1755 च्या भूकंपात खालचा बाइशाचा भाग भुईसपाट झाला, तो तेव्हाच्या मंत्र्याने, पोंबालने, सरळ आखून नव्याने बांधला, अल्फामाच्या बोळा मात्र बऱ्याचशा तशाच राहिल्या, वेड्यावाकड्या, पायऱ्यांच्या. टुरिस्टला त्याच आवडतात. आता त्या बोळांत टॅक्सी शिरत नाही, म्हणजे बॅग ओढत नेणं आलं, आणि खाली सगळीकडे त्यांची ती प्रसिद्ध फरसबंदी, पांढऱ्या दगडाच्या छोट्या छोट्या चिपांची. पहाटे चारला कुणाचं तरी सहाचं विमान असायचंच, की खडखडखडखड, मग पायरी आली की धाड, परत खडखड, आणि माझी खिडकी बरोबर पायऱ्यांवर. बिल्डिंगमध्ये आठ घरं, त्यातली पाच टुरिस्टला दिलेली. सुरुवातीला मजा वाटली, चौथ्या महिन्यात चाकांच्या आवाजावरून बॅग मोठी की छोटी हे ओळखू यायला लागलं तेव्हा म्हटलं आता बास. (तिकडे पैसे भरणे याला 'पगार' म्हणतात, आपला शब्द तिथूनच आलाय. आपल्याकडे पगार येतो, लिस्बनमध्ये तो भाड्यापायी जातो. असो.)

खडखड पोर्तोतही आहे, नदीकाठी रिबेराला जाऊन बघा. पण मी राहतो बोंफिं भागात, तिथे अजून शेजारी म्हणजे शेजारीच आहेत, त्यामुळे तुलना तितकीशी न्यायाची नाही हे कबूल. लिस्बनच्या एका खोलीच्या भाड्यात मला इथे दोन मिळाल्या, हेही त्यात धरा.

इतिहास पोर्तोलाही कमी नाही, फक्त मिरवत नाहीत. देशाचं नावच या जागेच्या जुन्या 'पोर्तुस काले'वरून पडलंय. समुद्री मोहिमांचा तो हेन्री राजपुत्र इथलाच. 1415 ला उत्तर आफ्रिकेतल्या सेउताच्या स्वारीला गावाने सगळं मांस जहाजांना देऊन टाकलं आणि स्वतःला फक्त आतडी ठेवली अशी इथली गोष्ट, म्हणून पोर्तोवाल्यांना आजही 'त्रिपेरू' म्हणजे वजडीखाऊ म्हणतात, आणि त्यांना त्याचा अभिमान! वजडी-पांढऱ्या घेवड्याचा तो रस्सा मी खाल्लाय, आमच्या आईच्या वजडीची सर नाही, पण पावाबरोबर जातो. लिस्बनवाल्यांना हे 'अल्फासिन्या' म्हणतात, म्हणजे सॅलडची पानं. यातून काय ते समजा.

शिवाय उत्तरेकडे 'व'चा 'ब' करतात, विन्युचं (म्हणजे वाइनचं) बिन्यु. वसईला पोर्तुगीज 'बसाईं' म्हणायचे हे शाळेत वाचलं होतं, पण माझ्या घरमालकीणबाईंनी "तुम्ही बसईचे ना?" विचारलं तेव्हा अंगावर काटाच आला.

आता पोर्तोचं दुखणं. पाऊस. आपल्या उलट, उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत, अटलांटिकवरून सरळ अंगावर येतो. ऑक्टोबर ते मार्च घर ओलं, हीटिंग नाही, बेडशीटला आषाढातल्यासारखा कुबट वास. पहिल्या हिवाळ्यात माझ्या लेदरच्या बुटांवर हिरवी लव आली. हवेतलं पाणी ओढणारं मशिन घेतलं, त्याची टाकी रोज सकाळी बाथरूममध्ये ओतायची, हा आता चहाच्या आधीचा कार्यक्रम आहे. वसईत वाढल्यामुळे मला हे चालून जातं, सोलापूरच्या माणसाला कदाचित नाही चालणार. दमा असेल किंवा लहान मूल असेल तर मी म्हणेन लिस्बनच बघा, फक्त जुन्या बोळांत नको.

बाकीच्यांनी पोर्तोला या. लिस्बन ट्रेनने तीन तासांवर आहे, पासपोर्टच्या कामाला जायचं, कढीपत्ता भरून आणायचा. फक्त घर ऑगस्टमध्ये फायनल करू नका, तेव्हा सगळ्या भिंती गुणी असतात. नोव्हेंबरमध्ये बघा, आणि मालकीणबाई समोर असल्या तरी न लाजता कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा.