धर्मावर वाद घालायचा की शांतपणे विचारायचं?

वाद घातला की समोरचा गप्प होतो पण त्याला पटत काही नाही, कारण श्रद्धेला घरची माणसं, आठवणी, ओळख सगळं चिकटलेलं असतं, मग तो मुद्दा ऐकण्यापेक्षा स्वतःला वाचवत बसतो. बघणाऱ्या तिसऱ्यावर कधीकधी परिणाम होतो, तेवढाच फायदा.

दुसरा ऑप्शन, "तुला हे कशावरून खरं वाटतं?" असं विचारून खरंच ऐकायचं. स्लो काम आहे. पण 2016 च्या ब्रुकमन-काला या संशोधकांच्या अभ्यासात, अमेरिकेतल्या मायामीत लोकांच्या दारात साधारण 10 मिनिटं न हिणवता बोलल्यावर ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो बदल निदान 3 महिने टिकला. विषय धर्म नव्हता, मान्य, आणि देव आहे की नाही हे काय असं 10 मिनिटांत हलणार नाही, पण "त्या धर्माचे सगळे तसलेच" हे मत नक्की हलू शकतं.