दादियानी झुकला, सोलोमन अडला

पश्चिम जॉर्जियात शेजारी शेजारी दोन सत्ता होत्या : काळ्या समुद्राकाठची मिंग्रेलिया आणि कुताइसीचं इमेरेती. एका बाजूला ऑटोमन तुर्क, दुसरीकडून उतरणारा रशिया.

मिंग्रेलियाचं राजघराणं दादियानी; त्यातल्या ग्रिगोलने 1803 मध्ये झारचं मांडलिकत्व पत्करलं. खरं तर त्याला तुर्कांपेक्षा इमेरेतीच्या राजाचीच धास्ती जास्त; लेच्खुमी या प्रांतावरून दोघांचं जुनं वैर. बदल्यात गादी टिकली. 1855 मध्ये तुर्की सेनापती ओमर पाशाची फौज आत घुसली, तरी ग्रिगोलचा नातू डेव्हिड याची विधवा आणि राज्यकारभार पाहणारी एकातेरिने रशियाला धरून राहिली. त्याचं फळ काय? 1857 मध्ये उतु मिकावा या लोहाराच्या पुढाकाराने शेतकरी उठले, ते निमित्त करून रशियाने कारभारच हाती घेतला. 1867 मध्ये संस्थान खालसा! तरी घराणं तगलं. एकातेरिनेची मुलगी सालोमे नेपोलियनच्या बहिणीच्या सासरच्या मुरात घराण्यात गेली, म्हणून तर नेपोलियनचा मृत्यू-मुखवटा आज झुगदिदी इथल्या दादियानींच्या राजवाड्यात दिसतो.

इमेरेतीच्या दुसऱ्या सोलोमनने 1804 मध्ये नाइलाजाने रशियाच्या मांडलिकत्वावर सही केली, पण मान तुकवली नाही. 1810 मध्ये पदच्युत झाला, लढला, तुर्कांकडे पळाला आणि 1815 मध्ये त्राब्झोनला परागंदा अवस्थेत वारला. माझा कल सोलोमनकडे; हिशेबात मात्र दादियानी पन्नासेक वर्षं पुढे.