ताडोबा: गेटजवळचं रिसॉर्ट की बफरमधल्या गावातलं घर?

ताडोब्याला जायचं आहे, पण जंगलाला आणि तिथल्या माणसांना आपला त्रास शक्य तितका कमी व्हावा, असं म्हणणारे बहुतेक जण आधी कोअर (जंगलाचा राखीव गाभा) की बफर (त्याभोवतीचा, गावं असलेला पट्टा) या प्रश्नात अडकतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. जिप्सी दोन्हीकडे तीच, गाइड दोन्हीकडे आसपासच्या गावांतलेच, पेट्रोलही तेवढंच जळतं. सफारी संपल्यावर आपण कुणाच्या दारात उतरतो, कुणाच्या हातचं जेवतो आणि संध्याकाळी कुणाशी गप्पा मारतो, यावर मात्र बरंच काही ठरतं. म्हणून ही तुलना राहण्याच्या दोन पद्धतींची आहे: गेटजवळचं रिसॉर्ट आणि बफरमधल्या गावातलं एखाद्या कुटुंबाचं घर. दोन्ही करून पाहिलं आहे. नागपूरहून पहाटे निघून रात्री परत जाण्याचा तिसरा प्रकारही जोरात आहे, पण त्यात गावाच्या वाट्याला गाड्यांच्या धुळीपलीकडे फारसं काही येत नाही, तेव्हा तो इथे सोडून देतो.

तरी कोअर-बफरबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण 'कोअरमध्ये गेलं की पाप आणि बफरमध्ये गेलं की पुण्य' अशी एक समजूत हल्ली ऐकू येते. कोअर साधारण 625 चौरस किलोमीटर आहे, बफर 1,100 च्या आसपास. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची जी नियमावली आली, तिच्यात कोअरचा 20 टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनासाठी वापरायचा नाही असं ठरलं. म्हणजे कोअरची सफारी मोजूनमापून होते. उलट बफरमध्ये गावं, गुरं, रस्ते, देवस्थानं सगळं एकात एक मिसळलेलं असतं. 2024 च्या सुरुवातीला एका तरुण वाघाने पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून उचलल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. तो रामदेगी भागातला, म्हणजे बफरमधलाच. तेव्हा बफर निवडला म्हणून कुणी स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये.

आता रिसॉर्ट. त्याच्या बाजूने बोलायला बरंच आहे. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या पुढे. दुपारची सफारी करून आल्यावर अंगावर धुळीचा थर असतो, डोकं भणभणत असतं, आणि त्या वेळी एसी खोली आणि थंड पाण्याचा शॉवर यांना नावं ठेवणं अवघडच. बरोबर आई-वडील असतील, लहान मूल असेल, कुणाला पथ्यपाणी असेल तर रिसॉर्टवाल्यांना त्याची सवय असते. पहाटे चारला चहा तयार, गेटवर जाताना नाश्त्याचा डबा हातात, जिप्सी दारात. तिकिटाची भानगड, ओळखपत्रांच्या प्रती, ऐन वेळी बदललेली नावं हे सगळं तेच निस्तरतात. रिसॉर्ट गावाला काहीच देत नाही, हेही मला पटत नाही. मी राहिलो तिथला माळी, खोल्या झाडणाऱ्या दोघी बायका आणि रात्रीचा पहारेकरी आजूबाजूच्या गावांतलेच होते. महिन्याचा पगार ठरलेला, पावसाळ्यात कोअर बंद असतानाही काहींना काम. नुसत्या शेतीवर हे जमलं नसतं, असं पहारेकरी स्वतःच म्हणाला.

खटकणाऱ्या लहानसहान गोष्टी होत्या. आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या आणि आवारात निळाशार तरणतलाव. जेवणात पनीर, नूडल्स, रशियन सॅलड. चंद्रपूरच्या मातीतलं एकही पान ताटात नाही. पण एवढ्यावरून मी पक्ष बदलला नसता.

मला सलत राहिली ती वेगळीच गोष्ट. कोअरची सकाळची सफारी संपवून गेटवर आलो आणि गाइड खाली उतरून म्हणाला, "सॉरी साहेब, आज नाही दिसला." त्या माणसाने सकाळभर काय काय दाखवलं होतं! रानकुत्र्यांची टोळी, बांबूतून सरकणारे गवे, अस्वलाने नखांनी ओरबाडलेलं झाडाचं खोड, उन्हात पांढरं चमकणारं भुताचं झाड, सर्पगरुड. सांबराचा धोक्याचा इशारा देणारा कॉल आल्यावर कुठल्या नाल्यातून आला असेल हे त्याने कान लावून सांगितलं. आणि शेवटी हा भला माणूस वाघाच्या वतीने माझी माफी मागत होता. रिसॉर्टवर आलो तर काउंटरवरचा मुलगा, "सायटिंग झालं का सर?" नाही म्हटल्यावर त्याचाही चेहरा पडला. "उद्या नक्की होईल सर." जेवताना शेजारच्या टेबलावरून तोच प्रश्न, आणि आमचं उत्तर ऐकून खुशाल एक सुस्कारा. शोकसभेला आल्यासारखं वाटायला लागलं.

ही माफी कुठून येते ते पुढच्या एकदोन सफारींत कळलं. वाघ दिसला की बक्षिसी सढळ, नाही दिसला की हात जोडून 'थँक यू'. गाइडला आणि चालकाला हे पाठ झालेलं असतं. त्यातूनच मग गाडी दामटणं येतं, दुसऱ्याच्या पुढे आडवी घालणं येतं, वाघापासून वीसेक मीटर अंतर ठेवायचा नियम दहावर येतो. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी जिप्सींमध्ये कोंडली गेली. व्हिडिओ फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-चालकांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवरून "दादा, अजून थोडं पुढे घ्या ना" म्हणणारा आवाज मला फार ओळखीचा वाटला. तसा तो रिसॉर्टवाल्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे येणारा पाहुणा वाघासाठीच पैसे मोजतो, आणि त्यांना धंदा करायचा असतो.

गावातलं घर म्हणजे काय, हेही आधी समजून घ्यावं. कौलारू घराला जोडून बांधलेली एक-दोन खोल्यांची सोय, एसीच्या जागी कूलर, वीज गेली की तोही बंद. न्हाणी आणि संडास बहुतेक ठिकाणी अंगणात. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, आणि हे पाहुण्याला रंगवून सांगितलेलं नसतं, तर घरातल्या पोरांनाही तोच नियम असतो. डास आहेत. रात्री कुत्री एकदम भुंकायला लागली की झोप उडते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी उगाच तत्त्वासाठी अंगावर घेऊ नये; वैतागलेला पाहुणा त्या कुटुंबालाही नको असतो.

जेवण मात्र, माझ्या जिभेला तरी, रिसॉर्टपेक्षा कितीतरी सरस. घरच्या धानाचा भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. तांदूळ समोरच्या बांधीतला, वांगी परसातली. पैसे देताना ते कुठे जाणार हे डोळ्यांना दिसतं, आणि माझ्यासारख्याला तेवढा हिशेब पुरतो.

त्या मुक्कामात बफरची दुपारची सफारी करून परत आलो, तेव्हाही वाघ दिसला नव्हता. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, "दिसला का जी वाघ?"

"नाही दिसला."

"बरं झालं जी भाऊ," त्या म्हणाल्या. "आमचे हे वावरातून येऊनच राहिले आता."

माझा निर्णय त्या वाक्यावर झाला, हे कबूल करतो. प्रश्न रिसॉर्टवरचाच, पण या घरात वाघ न दिसणं ही चांगली बातमी होती. तिथल्या लोकांची सगळी वर्षं या हिशेबात जातात. चैत्रात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जायचं, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. दोन्ही कामं वाकून, खाली मान घालून करायची. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं आणायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये, खुद्द ताडोब्याच्या कोअरमध्ये वाघांच्या खुणा नोंदवायला निघालेली एक महिला वनरक्षक अशीच गेली. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू हा गोंडांचा देव. आणि सांगतात ती कथा अशी की तो गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. वाघाचं वेड शहरात तयार झालं. त्याच्याशेजारी राहण्याची किंमत इथे दिली जाते. बोटेझरी, जामणी अशी गावं तर कोअरमधून उठून बाहेर वसली आहेत.

गावात राहिल्याने ही किंमत कमी होते का? थोडीफार होत असावी. बफरमधल्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत, 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, गॅस आणि सौर कुंपणं आली आहेत. गॅस आला की सरपणासाठी जंगलात जाणं घटतं, एवढं सरळ आहे. पाहुण्यांचे पैसे घरात आले की एखाद्या वर्षी तेंदूला न जाण्याची मुभा मिळते, असं काकू म्हणाल्या होत्या. याला आकडेवारी म्हणता येणार नाही, पण मला ते पटलं.

आणखी एक फरक माझ्यात पडला, तो अनपेक्षित होता. दुसऱ्या दिवशीच्या सफारीला मी गाइडला निघतानाच सांगून टाकलं की वाघ दिसो न दिसो, बक्षिसी ठरलेली आहे, आणि आम्हाला घाई नाही. तो आधी हसला. मग गाडी एका पाणवठ्याशी उभी करवली आणि आम्ही बराच वेळ तिथेच बसलो. रोही आले, रानडुकरं आली, मोराने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे रिसॉर्टवर राहूनही करता येतं, अगदी मान्य. तिथे राहिलेल्याला ते सुचत नाही एवढंच. निदान मला तरी सुचलं नव्हतं.

एक सावधगिरी. 'होमस्टे' अशी पाटी लावलेली निम्मी-अर्धी ठिकाणं ही प्रत्यक्षात छोटी रिसॉर्टंच असतात. जमीन पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या माणसाची, गावातला कुणीतरी किल्ली सांभाळायला. त्यात बेकायदा काही नाही, पण मग रिसॉर्टपेक्षा ते चांगलं कसं, हे मला उमगत नाही. सोयी मात्र कमी. फोनवर दोन प्रश्न विचारले की उलगडा होतो: घरमालक तिथेच राहतात का, आणि स्वयंपाक कोण करतं? उत्तराआधी फार वेळ शांतता पसरली तर समजून जावं.

पहिल्यांदाच जात असाल, वेळ दोनच दिवसांचा असेल आणि घरातल्यांना वाघ दाखवायचाच असेल, तर उन्हाळ्यात रिसॉर्ट घ्या. मी नाक मुरडणार नाही. कॅमेऱ्याची मोठी लेन्स घेऊन जाणाऱ्यांनाही तेच सोयीचं. हाताशी एखादा जास्तीचा दिवस असेल तर मात्र माझं मत गावातल्या घराकडे झुकतं: कोअरची एक सफारी, बफरची एक, आणि एक सकाळ सफारीविना. आगरझरीच्या बाजूला इरई धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे, पक्ष्यांची आवड असेल तर ती सकाळ वाया जात नाही. पावसाळ्यात कोअर बंद असतो, पण बफरची काही गेट चालू असतात. तेव्हा वाघाची आशा कमी, गर्दी त्याहून कमी आणि गावाला त्या दिवसांतच पाहुण्यांची गरज जास्त. इंजिनाचा आवाजच नको असेल तर बुद्धपौर्णिमेला वनखात्याचा 'निसर्गानुभव' असतो, रात्रभर मचाणावर बसायचं. त्याची नोंदणी लवकर भरते.

तिकीट वनखात्याच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा, मंगळवारी जंगल बंद असतं हे लक्षात ठेवा. शनिवार-रविवार टाळता आला तर दरही कमी लागतो. आणि घरात राहणार असाल तर जेवणाचं आदल्या दिवशी सांगा. त्यांना पिशवी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जावं लागतं.