घाटात दम सोडणारी जुनी पेट्रोल गाडी: स्कॅनर, गेज की सुटे भाग बदलणे?

दहा-पंधरा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी चढावर अधूनमधून ओढेनाशी होते आणि गॅरेजच्या दारात नेली की सुरळीत चालते, ही तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवी नाही. अशा वेळी मालकासमोर साधारणपणे तीन वाटा असतात: स्कॅनर लावून ईसीयूमधील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) बिघाडाच्या नोंदी म्हणजे कोड वाचणे, इंधनदाबाचे गेज व मल्टिमीटर घेऊन प्रत्यक्ष मोजमाप करणे, किंवा प्लग, कॉइल, फिल्टर, पंप असे संशयित भाग एकामागून एक बदलत जाणे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत या तिन्हींना मी सारखे वजन देणार नाही.

भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांसाठी ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची यंत्रणा) बंधनकारक झाली: ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांना मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर (डोंगल) जुळतच नाही. त्यासाठी कंपनीचे किंवा बहुब्रँड स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे लागते. जुळणाऱ्या गाडीत मात्र स्कॅनरचा उपयोग मोठा आहे. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या (इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटकडे, पी०३०० मिसिंगकडे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याकडे) आणि पी०१७१ इंधन-हवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) झाल्याकडे बोट दाखवतो. अडचण अशी, की बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत इंधनदाब मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे पंप अशक्त झाला तरी कोड पडेलच असे नाही. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू सायलेन्सरच्या पाइपमधील ऑक्सिजन सेन्सरनुसार इंधन कमी-जास्त करणे तात्पुरते थांबवतो, आणि घाटात बिघाड नेमका त्याच अवस्थेत येतो. तेव्हा स्कॅनरवर चालत्या गाडीत दिसणाऱ्या आकड्यांत (लाइव्ह डेटामध्ये) ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज पाहावे. पूर्ण भारावर ते ०.८ व्होल्टच्या आसपास राहायला हवे, ०.२ च्या खाली घसरले तर मिश्रण पातळ दिसते आहे. पण ठिणगी चुकली तरी न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर तसाच खाली येतो. इंधन कमी पडले की ठिणगी चुकली, हा फरक केवळ स्कॅनरवरून नेहमी करता येत नाही.

तो फरक गेज करते. इंधनाच्या पाइपमध्ये टी-जॉइंट टाकून गेज बसवायचे, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवायचे (केबिनमध्ये कधीही आणू नये, गळती झाली तर आग लागेल), आणि शेजारच्या सीटवरील माणसाने ते पाहत परशुराम किंवा कुंभार्लीसारखा लांब चढ चढायचा. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत दाब बहुतांशी ३ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. ताकद कमी होताना दाबही उतरला तर दोष इंधनाच्या बाजूला आहे. दाब टिकून ताकद गेली तर ठिणगी, हवा किंवा सायलेन्सरकडे वळावे. हे गेज प्रत्येक गॅरेजमध्ये नसते, म्हणून गाडी सोडण्यापूर्वी ते आहे का आणि मेकॅनिक घाटात सोबत येईल का, हे आधीच विचारून घेणे श्रेयस्कर.

दाब उतरला म्हणजे पंप गेला, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. फिल्टर भरलेला असेल, टाकीतल्या पंपाची जाळी गाळाने बुजली असेल, किंवा पंपापर्यंत पुरेसा करंटच पोहोचत नसेल. हर्णै, गुहागर, मालवण अशा किनारी गावांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रिलेच्या पिना, कपलर (वायरींचे जोड) आणि बॉडीवरचे अर्थिंगचे बोल्ट हिरवट-पांढरे पडलेले सहज सापडतात. पंप चालू असताना त्याच्या कपलरवर मिळणारे व्होल्टेज बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी असेल, तर आधी वायरिंग पाहावे. सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू आणि इंजिन ब्लॉक यांतील फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येत असेल, तर अर्थिंग साफ करावे. मल्टिमीटर असलेला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम करतो, आणि समुद्राजवळच्या गाडीत मी हीच तपासणी सर्वांत आधी करून घेईन.

सुटे भाग बदलण्याच्या वाटेचा खरा धोका पैशांपेक्षा वेगळा आहे. कॉइल किंवा सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा घातला जातो, त्या घर्षणाने पिनांवरचा थर निघतो आणि गाडी काही आठवडे चांगली चालते. श्रेय नव्या भागाला मिळते आणि मूळ गंज तसाच राहतो. ज्यांची मुदत उलटली आहे असे एअर फिल्टर, प्लग व बाहेरचा इंधन फिल्टर अवश्य बदलावेत, पण तो सर्व्हिसिंगचा भाग झाला.

चालकाने टिपलेली लक्षणेही निवड सोपी करतात. पावसाळी सकाळी धक्के बसत असतील तर हाय टेन्शन वायर व कॉइल आधी. इंजिन तापल्यावर गाडी एकदम बंद पडून आरपीएमचा काटा त्याच क्षणी शून्यावर येत असेल आणि निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर. ताकद हळूहळू ओसरून अ‍ॅक्सिलरेटर सोडताच परत येत असेल तर इंधन. तेव्हा टाकीचे झाकण उघडून पाहावे, हवा ओढल्याचा मोठा आवाज येऊन गाडी सुधारली तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट) बुजला आहे. चाकरमान्यांच्या घरची गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली असेल, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ओलावा शोषून पाणी तळाशी बसल्याचा संशय घ्यावा.

२०१३ नंतरची गाडी असेल तर अर्थिंग तपासून स्कॅनर घाटात चालू ठेवावा आणि गेज त्यानंतर. त्याआधीच्या गाडीत अर्थिंगनंतर थेट गेज. मापे घेऊन पंपच दोषी ठरला, तर तो उतरवताना टाकीचा तळ टॉर्च लावून पाहावा आणि गंज किंवा गाळ असेल तर टाकी धुऊन मगच नवा पंप बसवावा, कारण तोच गाळ नव्या पंपाच्या जाळीतही बसेल.