नागपुरातल्या कळमन्याच्या अडतीसाठी एसक्यूलाइट: एका फाइलवर किती भरवसा ठेवावा

अडतीवर सौदा एकच होतो, नोंदी मात्र चार. समजा तुरीचे ४० कट्टे, ५० किलोचे, म्हणजे २० क्विंटल. शेतकऱ्याची पट्टी, व्यापाऱ्याच्या नावे रक्कम, हमाली-तोलाई आणि अडत. दुसऱ्या नोंदीनंतर वीज गेली, तर पट्टी निघालेली आणि व्यापाऱ्याचं खातं कोरं. हा गोंधळ निस्तरायला मुनीमजींचा अख्खा दिवस जातो.

एसक्यूलाइट म्हणजे सगळा हिशेब एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस. त्याची खरी ताकद इथेच दिसते. ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, घातलेल्या चारही नोंदी बसतात, नाहीतर एकही बसत नाही. फाइल बदलण्याआधी फाइलच्या जुन्या पानांची प्रत जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये डिस्कवर पक्की होते, मग मूळ फाइल बदलते, आणि जर्नल पुसलं की कमिट, म्हणजे व्यवहार पक्का. मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वेळी उघडताना मागे राहिलेलं जर्नल सापडतं आणि जुनी पानं परत बसतात. प्रोग्रामरला यातलं काहीच लिहावं लागत नाही. फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, २००० सालापासून चालत आलेलं आहे.

पण गठ्ठ्यात काय घालायचं, हे आपणच ठरवायचं. बिलाच्या पडद्यामागे एक इन्सर्ट (नोंद घालण्याची आज्ञा), खात्याच्या पडद्यामागे दुसरा, असं विखुरलेलं सॉफ्टवेअर कोणताच डेटाबेस वाचवू शकत नाही. 'सौदा नोंदव' हे एकच फंक्शन असावं. चारही नोंदी त्याच्या आतच व्हाव्यात. बाहेरून कोणी थेट टेबलाला हात लावू नये.

त्या फंक्शनची सुरुवात 'बिगिन इमिजिएट'ने करा; ही आज्ञा लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच घेते. नुसत्या 'बिगिन'मध्ये काट्यावरचा आणि गादीवरचा प्रोग्राम दोघंही आधी शिल्लक वाचतात, मग लिहायला जातात, आणि एकाला 'डेटाबेस लॉक्ड' ही चूक मिळते. बिझी टाइमआउट, म्हणजे कुलूप सुटायची वाट पाहण्याची मुदत, ५ सेकंद ठेवला तरी या प्रसंगी तो कामी येत नाही, कारण थांबून हा तिढा सुटणारच नसतो.

मुळातल्या काही सेटिंग्ज मात्र आम्हाला पटत नाहीत. फॉरेन की तपासणी (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते ना, हे पाहणं) बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. आकड्यांच्या रकान्यात '१२ क्विंटल' असा मजकूरही निमूट घेतला जातो. त्यासाठी २०२१ च्या ३.३७ पासून मिळणारी स्ट्रिक्ट टेबलं वापरा, ती असा चुकीच्या प्रकारचा मजकूर नाकारतात. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. जर्नलऐवजी वॉल मोडही वापरता येतो; त्यात नवे बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये लिहिले जातात. या मोडमध्ये सिंक्रोनस, म्हणजे डिस्कवर पक्कं करण्याची सेटिंग, 'नॉर्मल' केलं तर वेग वाढतो, फाइलही बिघडत नाही; पण वीज गेल्यावर शेवटचे सौदे गायब होऊ शकतात. अडतीवर 'फुल'च हवं.

फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवून तीन कॉम्प्युटरवरून उघडणं पूर्ण चुकीचं. नेटवर्कवरच्या कुलुपांचा भरवसा नसतो, आणि वॉल मोडला सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर लागतात. अशा दुकानात पोस्टग्रेसक्यूएल हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या.

संध्याकाळी चालू फाइल पेनड्राइव्हवर ओढून नेणं हाही बॅकअप नव्हे. वॉल फाइल मागे राहिली की त्यातले ताजे सौदेही मागेच राहतात. 'व्हॅक्यूम इन्टू' या एसक्यूलाइटच्याच आज्ञेने पूर्ण प्रत काढा, ती उघडा, फाइल धड आहे का हे पाहणारा 'इंटिग्रिटी चेक' चालवा. उत्तर 'ओके' आलं की मगच पेनड्राइव्ह काढा.